दोन दाणे कमी

"शंका आली की लाल डब्यात टाकायचं, वत्सला. मला विचारायला यायचं नाही. मी मालक माणूस, मला माल पोचवायची घाई असते. तू विचारलंस तर मी 'असू दे, जाऊ दे' म्हणणार. म्हणून विचारायचंच नाही."

अण्णा चौगुल्यांना जाऊन आता चार वर्षं झाली, पण हे बोलणं माझ्या कानात जसंच्या तसं आहे. वर्कशॉपातला माझा पहिला दिवस होता तो. त्याआधी मी हरिपूरच्या देवळात महादेवाचा बेल निवडत बसायचे. आम्ही गुरव, ते कामच आमचं. टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेलं पानही मी बाजूला काढते, हे अण्णा दर सोमवारी दर्शनाला यायचे तेव्हा बघायचे. माझे यजमान गेले, त्यानंतर महिन्याभरानं ते घरी आले आणि म्हणाले, "डोळे तुझे, भिंग माझं. येतेस का कामाला?"

तेव्हापासून सांगलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये, दाराजवळच्या टेबलामागं माझी जागा ठरली. तयार झालेला नग भिंगाखाली धरायचा, आतून-बाहेरून बघायचा, धुऊन वाळवायचा, त्याच्या तोंडांना टोपणं लावायची आणि पिशवीत बंद करायचा. पायाशी पत्र्याचा लाल डबा. सोळा वर्षांत त्यात मी किती नग टाकले असतील त्याची गणती नाही. का टाकलास, असं अण्णांनी एकदाही विचारलं नाही.

एकदाच, टाकायला हवा होता तो नग मी टाकला नाही.

त्या डिसेंबरातल्या सकाळी अण्णांनी घरचा टीव्ही वर्कशॉपात आणला होता. ड्रिल मशीनच्या टेबलावर टीव्ही, समोर बाकं, मध्ये वर्तमानपत्रावर इलाहीभाईंनी आणलेली भडंग. पेढ्यांचा बॉक्स अण्णांच्या मांडीवर, पण त्याचा दोरा सोडलेला नव्हता. एका खाजगी कंपनीचं रॉकेट पूर्व किनाऱ्यावरून उडायचं होतं. त्याचं नाव 'टिटवी'. इंजिनात इंधन किती सोडायचं ते ठरवणारा मुठीएवढा व्हॉल्व्ह आमच्या शेडमध्ये तयार झालेला. बाहेर चौकात फ्लेक्स लागला होता, अण्णांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'सांगलीचा व्हॉल्व्ह अवकाशात'.

"अक्का, ती बघा, ती!" इलाहीभाई माझ्याकडं वळून ओरडले. इलाही मुल्ला आमचे लेथवरचे जुने कारागीर, मिरजेचे. व्हॉल्व्ह त्यांच्याच हातचा. "मागं कानाला यंत्र लावून बसलीय ती. आपली शर्वाणी."

शर्वाणी वानखडे, अमरावतीची मुलगी, तिशीही उलटली नव्हती. इंजिन तिनं आखलेलं. नकाशे घेऊन ती वर्षभर आमच्याकडं येत-जात होती. माझ्या डब्यातला दहीभात अर्धा तिचा असायचा. "टिटवी कशाला नाव ठेवलंस गं?" मी विचारलं होतं, तर म्हणाली, "काकू, ती घरटं जमिनीवरच करते, झाडावर नाही. पण एकदा उठली की आख्खं रान जागं करते."

उलटे आकडे संपले. धूर, उजेड, मग धुराचा पांढरा दोरा सरळ वर चढायला लागला. बाराजण बाकावर उभे. इलाहीभाई सेकंद मोजत होते. त्रेचाळीसला टिटवीची मान कलंडली. माशी हाकलताना गाय हलवते ना, तेवढीच. मग तो दोरा वाकला.

"कॅमेरा फिरवला की काय त्यांनी?" इलाहीभाई म्हणाले.

अण्णांनी टीव्ही बंद केला. "समुद्रात गेली," म्हणाले. पेढ्यांचा बॉक्स त्यांनी तसाच दोऱ्यासकट कपाटात ठेवला आणि आपापल्या मशीनवर जायला सांगितलं.

मी माझ्या टेबलाशी येऊन बसले. माझ्या मनात एवढंच होतं, दोन दाणे.

ते असं झालं होतं. खंडेनवमीला आमच्याकडं यंत्रांची पूजा होते. त्या वर्षी दोन व्हॉल्व्ह धुऊन, टोपणं लावून, पिशव्यांत बंद होऊन तयार होते. एक रॉकेटवर जाणारा, दुसरा राखीव, तो अण्णांच्या कपाटात राहणारा. अण्णांनी दोन्ही पाटावर मांडले. "पूजा वत्सला करेल," म्हणाले.

माझा रोजचा एक नेम आहे. पहाटे आंघोळ झाली की परातीत तांदूळ पसरायचे आणि एकशे आठ अखंड दाणे निवडायचे. टोक मोडलेला एकही चालत नाही. ओलं कुंकू लावून ते महादेवाला वाहायचे, मगच तोंडात पाणी. त्या दिवशी मी बावीस जास्त निवडले होते. अकरा एका व्हॉल्व्हला, अकरा दुसऱ्याला.

पण प्लास्टिकच्या पिशवीवर अक्षता वाहायला माझं मन घेईना. तोंड झाकून ठेवलेल्याची पूजा कशी करायची? मी पिशव्या सोडल्या, टोपणं काढली आणि उघड्या नगांवर अक्षता वाहिल्या. रात्रभर ते तसेच झेंडूच्या फुलांत राहिले. दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर गाडी निघायची होती. मी निर्माल्य उचललं आणि सवयीनं दाणे मोजले. वीस भरले.

पुन्हा मोजले. वीस. फुलांच्या पाकळ्या झटकल्या, पाट उचलून पाहिला, फरशीवरून हात फिरवला. भिंग घेऊन दोन्ही व्हॉल्व्हच्या आत पाहिलं. दिसत होतं तेवढं स्वच्छ होतं. पण त्याच्या पोटातली वाट दोनदा वळते, आणि वळणापलीकडं भिंग पोचत नाही. पुन्हा धुवायचे म्हटले तर वाळवायला अख्खा दिवस हवा. बाहेर फोटो काढणारे आलेले, इलाहीभाईंनी नवा सदरा घातलेला, गाडीला आंब्याची पानं बांधलेली.

"वत्सला, झालं का गं?" दारातून अण्णांची हाक.

मी टोपणं लावली. "झालं," म्हणाले.

मुंगीनं नेले असतील, चिमणीनं टिपले असतील, असं मी मनाला सांगितलं. नऊ आठवडे सांगत राहिले. त्रेचाळिसाव्या सेकंदाला ते सांगणं संपलं.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. चौकातल्या फ्लेक्सवर कुणीतरी कोळशानं 'अवकाशात'वर काट मारली आणि 'समुद्रात' लिहिलं. चहाच्या गाड्यावर हसणं चाललं होतं. "सांगलीची हळद लागली आणि नवरी मांडवातून पळाली!" दुसरा म्हणाला, "टिटवी नाव ठेवतंय का कोण? रात्री ओरडली तर लोक दार लावून घेतात." टीव्हीवर चार माणसं चार चौकटींतून एकदम बोलत होती. खाजगी कंपन्यांच्या हातात हे द्यावं का, ही काय खेळणी आहेत का, देशाची शोभा झाली. इलाहीभाई दुपारच्या सुट्टीत मोबाइल वाचून दाखवायचे आणि स्वतःच चिडायचे.

"हे ऐका. 'दिवाळीत रॉकेट बाटलीत ठेवून उडवतात. हे बाटली विसरले.' दीड लाख लोकांनी हसून दाखवलंय. दीड लाख! ह्यातल्या एकानं तरी आयुष्यात लेथचं चाक फिरवलंय का?"

"वाचता कशाला मग?" मी म्हणाले.

"वाचलं नाही तर शिव्या कुणाला घालू, अक्का?"

हरिपुरात घरी जाताना भाजीवाली म्हणाली, "बाई, तुमचं विमान पडलं म्हणे." तिच्या आवाजात खरंच हळहळ होती. तेच मला जास्त लागलं.

अण्णा फ्लेक्स काढू देईनात. तिसऱ्या दिवशी इथल्या चॅनेलचा माणूस माइक घेऊन आला. "चौगुलेसाहेब, तुमच्या व्हॉल्व्हमुळं पडलं का रॉकेट?" अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. "आमचा प्रत्येक नग ह्या वत्सला गुरव बाईंच्या नजरेखालून जातो. ती नजर चुकत नाही. त्या कंपनीला विचारा काय ते." कॅमेरा माझ्याकडं वळला. मी मान खाली घालून नग पुसत राहिले. मी मुळात कमी बोलणारी, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं नाही.

त्या दिवशी घरी गेले आणि देवापुढं भात सोडला. ज्या दाण्यानं केलं ते अन्न माझ्या ताटात नको, ही टिटवी उडेपर्यंत नको. महादेवाला सांगून टाकलं. पण महादेवाला सांगणं सोपं असतं. तो माइक घेऊन येत नाही.

सांगायचं अण्णांना होतं. रोज सकाळी बसमध्ये ठरवायचे, आज सांगायचं. शेडमध्ये पाय ठेवला की बारा माणसं दिसायची. आधीच दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून 'जरा थांबू' म्हटलेलं. मी बोलले तर शेडला कुलूप लागेल, आणि अण्णांनी सगळ्या गावासमोर ज्या नजरेची खात्री दिली ती खोटी ठरेल. आणि नाही बोलले तर? तर काय, रॉकेट तर पडलंच आहे, असं वाटायचं. माझ्या गप्प राहण्यानं आणखी कुणाचं नुकसान होत असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

तीन आठवड्यांनी शर्वाणी आली. न कळवता, भर दुपारी, एकटीच. वाळून गेली होती. अण्णांच्या टेबलासमोर बसली. माझ्यात आणि त्यांच्यात फक्त ग्राइंडर होता, तोही बंद.

"काका, फोनवर सांगता आलं असतं, पण मला बरं वाटलं नसतं. ते इंजिन बंद करायचं चाललंय. सोमवारी बैठक आहे, तिथं शिक्कामोर्तब होईल."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे मोडीत. पुन्हा कोऱ्या कागदापासून, दुसरं कुणीतरी आखणार. सगळ्यांचं म्हणणं आहे की इंधनाची वाटच चुकीची आखलीय. वाट माझी आहे ना. पाच वर्षं मी तेवढंच केलंय."

"पण कशावरून म्हणतात?"

"त्रेचाळिसाव्या सेकंदाला इंधन एकदम कमी झालं, एवढंच आकड्यांवरून कळतंय. कशानं झालं ते समुद्राच्या तळाशी. मी शंभर वेळा हिशेब मांडला. सापडत नाही. सापडत नाही म्हणजे माझंच चुकलं असणार."

"लोकांचं मनावर घेऊ नकोस, पोरी."

"माझं जाऊ द्या. अमरावतीला बाबांना लोक थांबवून विचारतात, तुमची मुलगी आता काय करून राहिली? बाबांनी सकाळचं फिरणं सोडलं." ती हसली, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. "असो. राखीव व्हॉल्व्ह परत न्यायचा होता. आठवण म्हणून ठेवीन म्हटलं."

अण्णा कपाट उघडायला उठले.

मी पर्समधून कुंकवाची वाटी काढली. पूजेची, चांदीची, लहानशी; सकाळी देवळातून थेट कामावर यायचे, म्हणून ती जवळच असायची. तळाला सकाळच्या अक्षतांचे दोन-चार दाणे चिकटलेले. टेबलामागून उठले, आणि त्या दोघांच्या देखत ती वाटी लाल डब्यात ठेवली. पत्र्यावर तिचा आवाज झाला तसे इलाहीभाईही लेथ थांबवून वळले.

"हे काय गं?" अण्णा म्हणाले.

"शंका," मी म्हणाले. "दसऱ्यापासूनची."

मग सगळं सांगितलं. पिशव्या सोडल्या, टोपणं काढली, बावीस वाहिले, वीस निघाले, झालं म्हणाले. आवाज वर गेला नाही, खालीही गेला नाही.

इलाहीभाईंनी कपाळावर हात मारला. "या खुदा! अक्का, मी तो नग चार महिने घासला. आरशासारखा केला आतून. आणि तुम्ही त्यात तांदूळ पेरला?"

"इलाही, गप," अण्णा म्हणाले. ते माझ्याकडं बघत होते. "सोळा वर्षं मी तुला एकदाही विचारलं नाही, का टाकलास म्हणून. आज विचारतो. का नाही टाकलास?"

"सगळे फार आनंदात होते, अण्णा. माझ्यानं तो आनंद मोडवला नाही."

ते काही बोलणार होते, पण मध्येच शर्वाणी उठली. खुर्ची मागं पडली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काकू, नक्की दोन?"

"बावीस वाहिले, वीस निघाले."

"तुमच्या मोजण्यात चूक?"

"रोज एकशे आठ मोजते, बाई. एकवीस वर्षं झाली."

"आणि दोन्ही व्हॉल्व्हवर वाहिले? राखीववरही? तो उघडला नाही ना कुणी तेव्हापासून?" तिनं अण्णांच्या हातातून पिशवी जवळजवळ हिसकावली. "इलाहीभाई, हा कापा."

"काय?"

"उभा कापा. दोन भाग. आत्ता. पाणी सोडू नका, तेल नको, हवा मारू नका. कोरडा कापा, हळूहळू."

"माझा नग?" इलाहीभाईंचा चेहरा पडला. "मी कापू?"

"मग कोण कापणार?"

पाऊण तास लागला. करवतीचं पातं तापायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि ओठांत 'नमः शिवाय' चाललं होतं. काय मागावं ते मात्र कळत नव्हतं. दाणा निघू दे म्हणावं तर माझं पाप शाबीत होतं. निघू नको म्हणावं तर ह्या मुलीचं काय?

दोन अर्धुकं वेगळी झाली. आत खरंच आरशासारखं होतं. शर्वाणीनं बॅटरी धरली. पहिल्या वळणापर्यंत काही नाही. दुसऱ्या वळणाच्या मागं, जिथं एक आंधळा कोपरा राहतो, तिथं लालसर काहीतरी चिकटलेलं.

इलाहीभाईंनी चिमटा माझ्या हातात दिला. "अक्का, तुम्हीच काढा. तुमचाय तो."

मी काढला, पांढऱ्या कागदावर ठेवला आणि भिंग धरलं. कुंकू वाळून काळसर झालं होतं. दाणा अखंड होता. टोकसुद्धा मोडलं नव्हतं.

मी म्हणाले, "दुसरा वर गेला." आणि शर्वाणीकडं बघायचं धाडस करून मान वर केली, तर ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, लहान मुलीसारखी नाक पुसत.

"काकू, कळतंय का तुम्हाला? जमिनीवर चाचण्या घेतल्या तेव्हा तो असाच कोपऱ्यात चिकटून बसला असणार. वर हादरे बसले, सुटला, आणि अरुंद वाटेत जाऊन अडकला. वाट बरोबर आहे! इंजिन बरोबर आहे! माझं काही... पाच वर्षं माझं काही चुकलेलं नाही!"

"माझं चुकलं ना पण," मी म्हणाले.

"तुमचं चुकलं. हो, चुकलं. पण चूक तांदळाएवढी आहे, काकू. तांदळाएवढी चूक काढून टाकता येते. मी तीन आठवडे अख्खं इंजिन टाकायला निघाले होते." ती मटकन फरशीवरच बसली. "सोमवारच्या आत चाचणी लावते. असाच दाणा त्याच जागी ठेवते. आकडे जुळले की झालं."

मी अण्णांसमोर जाऊन उभी राहिले. "उद्यापासून मी येत नाही, अण्णा. भिंग टेबलावर ठेवलंय."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "मी तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मी घाई करणारा माणूस आहे. दसऱ्याला दारात उभा राहून हाक कुणी मारली? 'झालं का' कुणी विचारलं?" मग डब्याकडं बघून म्हणाले, "तू आली नाहीस तर हा कोण भरणार?"

शर्वाणी निघताना इलाहीभाईंनी चुगली केलीच. "बाई, अक्काच्या डब्यात आता दहीभात नाही मिळायचा. भात सोडलाय तिनं."

"सोडलाय म्हणजे?"

"तुमची टिटवी उडेपर्यंत."

शर्वाणी माझ्याकडं बघत राहिली. वाटलं आता हसेल. शिकलेली मुलगी, तिला हे काय पटणार? पण ती जवळ आली आणि माझे दोन्ही हात धरले. "मग एक शब्द द्या. ती ज्या दिवशी जाईल त्याच दिवशी भात करायचा. दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही. आणि एक वाटी माझ्या नावाची काढून ठेवायची. मी कुठंही असले तरी."

मी शब्द दिला.

आकडे जुळले. कंपनीनं जाहीर केलं, व्हॉल्व्हमध्ये बाहेरचा कण गेल्यामुळं अपघात. कुणाचं नाव नव्हतं. पण अण्णा स्वतः उठून त्या चॅनेलच्या माणसाकडं गेले आणि माइकसमोर म्हणाले, "चूक आमच्या शेडमधली. आणि आमच्याच शेडमधल्या माणसानं ती सांगितली. दोन्ही दाखवा, नाहीतर एकही नको." माणसाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. इथं वसाहतीत सगळ्यांना कळलं होतं, ते सोडा.

पुन्हा आठ-दहा दिवस गावाला खाऊ मिळाला. रॉकेटचं लग्न लागलं, वरात समुद्रात. टीव्हीवरच्या चौकटीतली माणसं आता अंधश्रद्धेवर भांडायला लागली. कुणी म्हणालं पूजाच बंद करा, कुणी म्हणालं पूजेला नावं ठेवू नका. इलाहीभाई वाचत आणि शिव्या घालत. पण एका दुपारी ते वाचता वाचता थांबले. "हे बघा काय लिहिलंय कुणी. 'माझ्या कारखान्यात अशी चूक झाली असती तर कुणी सांगितली असती का, ह्याचा मी विचार करतोय.' खाली शेकडो लोकांनी आपापल्या चुका लिहिल्यात, अक्का. कुणी नट ढिला सोडलेला, कुणी इंजेक्शनची तारीख न बघितलेली. शिव्या घालायला जागाच नाही ठेवली साल्यांनी."

आणि चौकातल्या त्या फ्लेक्सवर, कोळशानं लिहिलेल्या 'समुद्रात'च्या खाली, एका सकाळी खडूनं लिहिलेले दोन शब्द दिसले. 'पुन्हा कधी?' कुणी लिहिले ते कळलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी मागच्या रांगेत उभी होते. अण्णा म्हणाले, "पूजा वत्सला करेल." नग टोपणं लावून, पिशवीत, पिशवी पेटीत, पेटीला कुलूप. पेटीवर अकरा दाणे वाहिले. दसऱ्याला अकरा उचलले. तरी गाडी सुटण्याआधी अण्णांनी ड्रायव्हरला थांबवलं, माझ्या टेबलाशी आले आणि काही न विचारता नुसते उभे राहिले. मी पुन्हा मोजले. मग मीच म्हणाले, "जाऊ दे, अण्णा."

टिटवी दोनदा रद्द झाली. एकदा ढगांमुळं, एकदा कसल्याशा तारेमुळं. तिसऱ्यांदा टीव्ही पुन्हा ड्रिल मशीनच्या टेबलावर आला. फ्लेक्स केव्हाच उन्हानं विटून गेला होता. भडंग होती, पण कुणी हात लावत नव्हतं. इलाहीभाई मोजायला लागले आणि चाळीसला त्यांचा आवाज बसला. एक्केचाळीस, बेचाळीस अण्णांनी म्हटलं. त्रेचाळीस कुणीच म्हटलं नाही. तो दोरा सरळ जात राहिला, बारीक होत होत, मग दिसेनासा झाला, आणि कितीतरी मिनिटांनी तिकडच्या खोलीतली माणसं एकदम उठून एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यांच्यात कानाला लावलेलं ते यंत्र काढून फेकणारी एक मुलगी होती.

मग आमच्या शेडमध्ये जो कल्ला झाला तो काय सांगावा. इलाहीभाई पत्र्यावर पाना बडवत नाचत होते. बाहेर चहाच्या गाड्यावरची माणसं धावत आत आली. हळदीचा विनोद करणाराच सगळ्यात पुढं, "आमची टिटवी! आमची टिटवी!" म्हणत. अण्णा खुर्चीत बसून पेढ्यांच्या नव्या बॉक्सचा दोरा सोडत होते आणि गाठ त्यांना सापडत नव्हती.

मी हळूच पर्स घेतली. दाराशी अण्णांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी विचारलं नाही, कुठं निघालीस म्हणून.

हरिपूरची बस लगेच मिळाली. घरी येऊन हातपाय धुतले, देवापुढं दिवा लावला, आणि तांदळाचा डबा चौदा महिन्यांनी स्वयंपाकासाठी उघडला. एक माप माझं, एक शर्वाणीचं. परातीत पसरले. सवयीनं बोटं निवडायला गेली. अखंड दाणे होते, टोक मोडलेले होते, अर्धेही होते. मी बोटं मागं घेतली, सगळे तसेच पातेल्यात ओतले आणि धुवायला नळाखाली धरले.